माझ्या तोंडातला बाबांचा दात

मी टाइल्सच्या दुकानात काम करते आणि दिवसभर पांढरा रंग विकते. मोतिया, दुधी, हस्तिदंती, चुनखडी, असे आमच्याकडे इतके पांढरे आहेत की गिऱ्हाईक हमखास गांगरतं. मग मी त्यांना खिडकीपाशी नेते आणि सांगते, दिव्याखाली बघू नका, उजेडात बघा आणि एकटक बघू नका. ही युक्ती बाबांची. त्यांनी जन्मभर खोटे दात केले. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि बाबा घरामागच्या खोलीत बसून त्यातून कवळ्या नि कॅपा घडवायचे.

तर मालकांच्या डोक्यात आलं की दुकानाबाहेरच्या मोठ्या फलकावर आम्हा सगळ्यांचे हसरे फोटो लावायचे. माझा फोटो कॅशियरबाईंनी मोबाइलवर मोठा करून करून थेट तोंडापर्यंत आणला आणि गोड आवाजात म्हणाल्या, मागची टाइल पांढरी आहे ना, म्हणून तुमचे दात क्रीम वाटतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो पुन्हा काढायचं ठरलं.

मग जो तो दातांचा जाणकार झाला. बाई म्हणाल्या कोळशाची पावडर लावा, गोदामवाला म्हणाला सोडा आणि लिंबू, तर त्याच्या बायकोने निरोप पाठवला की लिंबाच्या नादी लागू नका, दातावरचं कवच जातं. औषधांच्या दुकानात गेले तर तिथे अख्खं कपाट. चिकटवायच्या पट्ट्या, निळी पेस्ट, तोंडात धरायचा दिवा, साच्यात भरायचं जेल. एका ट्यूबवर मोठ्या अक्षरांत ‘रोजच्या हास्यासाठी’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रोज वापरू नये’. लोकांना पांढऱ्यातला फरक समजावणारी मी तिथे खुळ्यासारखी उभी होते. शेवटी जेल उचललं, तेही डबा सुबक होता म्हणून. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की चहा, कॉफी, हळद, काही चालणार नाही. चहाशिवाय मी माणसात नसते, पण म्हटलं, होऊन जाऊ दे.

घरी मी आणि बाबा, दोघंच. मी कामावर असते तेव्हा त्यांच्यापाशी एक ताई येतात. गेल्या काही वर्षांत बाबांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलंय. ताईंना ते रोज नव्याने नमस्कार करतात. माझा भाऊ भेटायला येतो तेव्हा त्याला नळ दुरुस्त करणारा समजून मोरी दाखवतात. ओळखतात ते फक्त मला. सकाळी मी बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर त्यांची कवळी धरते, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही, मऊ ब्रशने घासते आणि त्यांच्या तोंडात बसवते. हिरड्यांना नीट लागली का म्हणून विचारत मी त्यांच्याकडे बघून हसते. ते माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, “खारूताई आली.” लहानपणी माझे पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे होते, त्यावरून पडलेलं नाव. त्या दोन शब्दांवर माझा दिवस जायचा. ते आवाजावरून ओळखतात, असं मी भावाला सांगायचे. थोडं मिरवायचेच, खरं तर.

जेलने काम केलं. दात उजळले, फक्त समोरचा एक सोडून. म्हटलं, याला कमी लागलं असेल. त्याच्यावर थापून लावलं. बाकीचे आणखी उजळले, हिरडी चुरचुरायला लागली, थंड पाणी प्यायले की कळ थेट कपाळात, आणि तो पठ्ठ्या ढिम्म. आरशात बघितलं की पांढऱ्या भिंतीत कुणी चुकून जुनी टाइल बसवल्यासारखं दिसायचं. कागद पुन्हा वाचला, आधी उलटा, मग सुलटा. काही म्हणता काही कळेना.

त्यातच एका सकाळी कवळी बसवून मी हसले, तर बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग अदबीने म्हणाले, “तुम्ही नवीन आहात का? आमची थोरली कुठे गेली?”

मला वाटलं, झोपेत असतील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी आवाज चढवून बघितला, हळू बोलून बघितलं, त्यांना आवडायचा तो जुना निळा स्वेटर घातला. त्यांनी मला नमस्कार केला, ताईंना करतात तसाच. मी न्हाणीघरात जाऊन रडले. आजार वाढला असं धरलं आणि भावाला फोनवर उगाच टाकून बोलले.

दातासाठी शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी का नाही आलात, हे त्या दोनदा बोलल्या. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, सकाळी आणि झोपताना घासा, बाकीचे उद्योग विचारल्याशिवाय करू नका, हेही ऐकवलं. मग बोटाच्या नखाने त्या दातावर टकटक केलं आणि म्हणाल्या, हा दात नाही, कॅप आहे. कॅपवर जेल चालत नाही, जन्मभर लावलंत तरी.

मग आठवलं. कॉलेजात असताना सायकलवरून पडले होते आणि दात तुटला होता. वरची कॅप बाबांनी केली होती. ती इतकी माझी झाली होती की दात घडवणाऱ्याची मुलगी असून मी ती साफ विसरले होते. बाई म्हणाल्या, करणाऱ्याच्या हातात कसब होतं, पण आता ही काढू आणि नव्या रंगाची बसवू, म्हणजे फोटोत सगळे सारखे. मी मान डोलावली. दिवसही ठरला.

घरी आले तर बाबा खिडकीपाशी बसले होते. उद्या नवा दात बसवणार आहे, हे कुणाला तरी सांगायचं म्हणून मी त्यांच्यासमोर बसून सांगत होते. ऐकता ऐकता ते पुढे झुकले. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने वरचा ओठ उचलला. जरा बघितलं, नजर बाहेरच्या आभाळावर नेली, परत बघितलं. कामावर बसलेले बाबा मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

“हा दात माझा आहे,” ते म्हणाले. “तुमच्या तोंडात कसा आला?”

 कुणासाठी केला होता, असं मी विचारलं.

“आमच्या खारूताईसाठी. मुद्दाम जरा पिवळट ठेवला. रागावली होती, आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.”

ते मला आठवलं. मी आरशासमोर पाय आपटत म्हटलं होतं की एवढंही जमत नाही का तुम्हाला. पुढे कधीतरी तो दात बाकीच्यांत मिसळून गेला आणि मी भांडणही विसरले.

“मुद्दाम कशाला?” मी विचारलं.

“वयाबरोबर दात पिवळे होतातच. तिचेही होणार. तेव्हा बदलून द्यायला मी असेन कशावरून? म्हणून पुढचा रंग धरला.” हनुवटी सोडून ते पुटपुटले, “बाकीचे कुणी केलेत हे? रंग पार चुकलाय.”

म्हणजे ते आवाजावरून नव्हते ओळखत. ते आपलं काम ओळखत होते, आजूबाजूच्या दातांत मिसळलेलं, आणि ते जिच्या तोंडात ती त्यांची लेक. आणि आजूबाजूचा तो रंग मीच पुसून टाकला होता. मला स्वतःचा इतका राग आला की रडू फुटलं. ते मात्र माझा हात थोपटत होते, परक्या बाईचा थोपटावा तसा, जपून. रडू नका, म्हणाले. असा वरवरचा रंग टिकत नाही, दात पुन्हा आपल्या रंगावर येतात.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून नव्या कॅपला नाही म्हटलं. मालकांना सांगितलं, फलकावर माझा तोंड मिटलेला फोटो लावा, नाहीतर लावू नका. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, बिनदुधाचा, काळाकुट्ट, आणि मोठा पेला भरून बाबांच्या शेजारी येऊन बसले.

बाबा दाराकडे बघत होते. “आमची थोरली अजून कशी नाही आली?”

“निघाली आहे, बाबा,” मी म्हटलं. “जरा वेळ लागेल तिला.” आणि गरम चहाचा घोट दातांवर धरून ठेवला.