शहाण्या पोरीची पिशवी

आईवडील अपघातात गेल्यावर भाची मावशीकडे राहायला आली, आणि मावशीच्या नणंदेने कौतुकाचा रतीबच घातला. "पोर किती शहाणी! रडणं नाही, हट्ट नाही, कपडेसुद्धा पिशवीत घडी घालून ठेवते. मुलं काय, चटकन सावरतात."

मावशी शिलाई मशीनवर मान खाली घालून दातओठ खायची. कपाट रिकामं करून दिलं, तरी पोर भरलेली पिशवी उशाशी घेऊन झोपते. उद्या कुणी हाकललं तर निघायला बरं म्हणून. एवढं या बाईच्या टाळक्यात शिरेल तर शपथ!

एके दुपारी नणंद चहा पीत असताना भाची शाळेतून आली. तिने दप्तर भिरकावलं, ताटातली भाजी पाहून "मला नको ही, दुसरी कर!" म्हणून पाय आपटले आणि खोलीत जाऊन धाडकन दार लावलं.

"वहिनी, लाडावून ठेवलीस हो!"

मावशीने दार लोटून पाहिलं. भाची उशीत तोंड खुपसून हमसून रडत होती. कपडे कपाटात कसेही कोंबले होते. पिशवी रिकामी, कोपऱ्यात पडली होती.

मावशी बाहेर आली.

"वन्सं, चहा संपवा आणि निघा. माझी लेक रुसलीय."