उघड्या फाट्यावरचे उंदीर

अक्षताने स्टॉपवॉच थांबवलं आणि आकडा दोनदा वाचला. पाच मिनिटांतली साडेतीन मिनिटं उंदीर उघड्यावर होता!

सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ती एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. एका रानवेलीच्या अर्काने चिंता कमी होते का, हे ती तपासत होती. गुडघाभर उंचीवर चार फाट्यांची लाकडी वाट होती. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. भ्यालेला उंदीर भिंतीआड दडतो, भीती ओसरली की उघड्यावर येतो. अर्क दिलेले सहाही उंदीर उघड्यावर आले होते. उद्या अकरा वाजता तिचे मार्गदर्शक दिग्विजय सर हेच निकाल बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे मांडणार होते.

"ताई, रागवू नगा," जनावरं सांभाळणारे निंगप्पा मामा पिंजरा पुसता पुसता म्हणाले. अक्कलकोटकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस. "ह्यो निडर न्हाय झाला. इखारी पाला खाल्लेलं मेंढरू बी असंच उभं ऱ्हातं की. भ्या गेलं म्हणून न्हवं, पाय उचलत न्हाय म्हणून."

अक्षताने प्रयोगाचं चित्रीकरण पुन्हा लावलं. प्रत्येक उंदीर एकदाच उघड्यावर सरकला होता आणि तिथेच बसून राहिला होता.

ती तडक सरांकडे गेली. "सर, फिरत्या दांड्यावर यांचा तोल तपासायला हवा. आत्ताच, अर्काचा अंमल आहे तोवर."

"परीक्षक जाऊ देत. आता नसतं काही उकरून काढू नकोस."

"मग उद्या या निकालांना माझं नाव लावू नका, सर."

सर खुर्ची मागे सारून तिच्यासोबत खाली आले.

अर्क न दिलेला उंदीर फिरत्या दांड्यावर दोन मिनिटं आरामात चालला. अर्क दिलेला पहिला आठव्या सेकंदाला खाली गादीवर पडला. दुसरा सहाव्या. तिसऱ्याला मामांनी अलगद ठेवलं, तर त्याला दांडा धरताच येईना.

"बास," सर म्हणाले. "लिही. जसं झालं तसं."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर अक्षतानेच उभं राहून सांगितलं, की या मात्रेत अर्क भीती घालवत नाही, अंग लुळं पाडतो. तिची पदवी सहा महिने लांबली.

आठवडाभर सर तिच्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी पाव मात्रेच्या नव्या प्रयोगाचा कागद त्यांनी सही करून निमूटपणे तिच्यापुढे सरकवला.