नाव घेतलं म्हणून

१९८१ साल. पिंपळगाव बसवंतला एका सकाळी भाकऱ्या थापता थापता चंद्रभागाबाईंनी दाराबाहेर तोंड काढून हाक मारली, "ओ पुंजाजी, या की जेवायला!"

पुंजाजी म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते असतानाही या बाईंनी कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की त्या लाजून पळत. आता भर गल्लीत मेलेल्या नवऱ्याला नावानं हाक! शेजारच्या आक्काबाईंनी लगेच निकाल दिला, बाहेरची बाधा. आमच्याकडे असले निकाल फार झटपट लागतात.

मुलगा कोंडाजीनं आईला भगताकडे नेलं. भगतानं तापल्या विळ्यानं दंडावर डाग दिले. गुण येईना, तेव्हा अमावास्येला परत आणायला सांगितलं.

सून लंकाबाई मात्र अडून बसली. "त्याच्या आधी एकदा नाशिकला दाखवा. आत्याबाई चूल न पेटवताच भाकर टाकत्यात. भूत असलं करतं व्हय?"

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडायचा कागद काढला. म्हातारीला अक्षरओळख नाही हे कळताच तो बाजूला ठेवला.

"आजी, चहा करायचा तर आधी काय करायचं?"

"बशीत वतायचा."

"त्याच्या आधी?"

"प्यायचा," म्हणून चंद्रभागाबाई खुदकन हसल्या. लंकाबाईनं तोंड फिरवलं.

"आता मी टेबलावर एकदा वाजवलं की तुम्ही वाजवा. दोनदा वाजवलं की गप्प बसा."

म्हातारी दोन्ही वेळा वाजवत राहिली. "गप्प बसायचं होतं ना?" विचारल्यावर "हो हो" म्हणाली आणि पुन्हा वाजवलं.

डॉक्टरीणबाई कोंडाजीकडे वळल्या. "कामाचा क्रम लावणं, तोंडाशी आलेलं आवरणं, हे मेंदूचं काम. ते यांना आता जमत नाही. म्हणून नवऱ्याचं नाव तोंडातून निघून जातं, ते गेलेत हेही आठवत नाही. आजार आहे, बरा होणार नाही. पण अंगात कोणी नाही."

"नक्की कुनी नाय?"

"नाही."

कोंडाजी बाकावर बसला. "डागताना हात म्याच धरले व्हते, बाई. 'कोंडू, सोड रं, भाजतंय,' म्हनली. भगत म्हनला, भूत आवाज काढतंय, सोडू नको." त्यानं स्वतःचे तळहात उलटे करून पाहिले. "म्या नाय सोडलं. ती आईच व्हती."

अमावास्येला भगताचा माणूस दारात आला. कोंडाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "आई आजारी हाय. तिला आता कुनी हात लावायचा नाय." गल्लीनं नावं ठेवली, त्यानं ऐकून घेतली.

वर्षभरात चंद्रभागाबाई सून विसरल्या, घर विसरल्या, शेवटी पुंजाजींचं नावही गेलं. एवढंच राहिलं, कोंडाजी जेवायला उठवताना हात धरू लागला की त्या दोन्ही हात काखेत लपवत आणि भिंतीकडे सरकत.