वत्सलाबाईंची प्रकृती

नेकनूरचे भगवानराव नाडी बघून आजार तर सांगतच, पण माणसाचा स्वभावही सांगत. मनगटावर तीन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पित्त. तापट हायेस, पन शब्द मोडनार न्हाईस." किंवा, "कफ. कामाला जड, मनानं साफ." मुसलमान मोहल्ल्यातले लोक यालाच मिजाज म्हणत, आणि तेही सोयरीक जुळवण्याआधी मुलाला त्यांच्याकडं घेऊन येत. शेती सालगडी बंकट बघायचा. भगवानरावांचा दिवस ओसरीवर लोकांचे हात हातात घेण्यात जायचा.

स्वतःबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. आपण पित्त, धीट, कशाला न डगमगणारे.

वत्सलाबाई नव्या नवरी म्हणून घरात आल्या, त्याच आठवड्यात भगवानरावांनी बायकोचीही नाडी पाहिली. "वात. भित्री हाय. हिच्यावर काई सोपवू नगा," असं घरच्यांना सांगितलं. त्यात राग नव्हता; एखाद्याचे डोळे घारे आहेत म्हणावं, तसं ते बोलले. पण ते वाक्य घरात मुक्कामाला राहिलं. वत्सलाबाईंना कुणी एकटं शेतावर पाठवेना. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना विचारलंसुद्धा नाही, उगाच घोर लागेल म्हणून. औषधं कुटायची आणि काढे उकळायचे, एवढं काम मात्र बावीस वर्षं त्यांच्याकडंच होतं. आणि भित्र्या तर त्या खरंच होत्या. आभाळ गडगडलं की कणगीच्या आडोशाला जाऊन बसायच्या.

प्लेग आला त्या वर्षी बीडच्या कचेरीतून चपराशी हुकूम घेऊन आला, गाव खाली करा. लोकांनी शिवारात झोपड्या घातल्या. भगवानराव रोज झोपडी-झोपडी फिरत, काढा देत, "भिऊ नगा" म्हणत. नवव्या दिवशी साखराबाई नावाच्या म्हातारीला बघून दुपारी परतले ते तापानं कापतच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जांघेत सुपारीएवढी गाठ आली.

धाकटे भाऊ मोहनराव यांनी बैलगाडी जुंपली. माजलगावला त्यांची सासुरवाडी होती.

"वैनी, चला. बंकट पानी आनून ठिवंल दारात. तुमच्याच्यानं हे बघवायचं न्हाई."

झोपडीतून भगवानराव ओरडले, "जा तू! हितं तुझं काई काम न्हाई."

वत्सलाबाई गाडीत बसल्या. गाडी ओढ्यात उतरली तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, थांबवा."

"भ्या वाटतंय का?"

"व्हय."

"मंग बसा की गुमान. मी हाय ना."

"माजलगावला गेले तरी मी भिनारच हाय. कोन सांगावा घेऊन येतंय म्हनून दिवसभर वाटंकडं बघत बसंन. त्यापरीस हितं बसून भिते. हितं निदान काढा तरी करता येतोय."

मोहनरावांनी बैल थांबवले. त्यांनी गाठोडं खाली दिलं. वत्सलाबाई चालू लागल्यावर मागून पळत जाऊन जवसाच्या पिठाची पिशवीही दिली.

पुढचे दिवस वत्सलाबाईंनी भीतभीतच काढले. हात इतके कापायचे की काढा सांडायचा, म्हणून त्या वाटी अर्धीच भरायच्या आणि दोनदा द्यायच्या. जवसाचं पोटीस गाठीवर बांधताना तोंडानं सारखं देवाचं नाव चालायचं. चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि भगवानरावांनी त्यांचा पदर घट्ट धरला. "मला सोडून जाऊ नगंस," म्हणून ते रडू लागले. मेलेल्या आईला हाका मारू लागले. छपरावर कावळा बसला तर त्यालाही घाबरले. वत्सलाबाईंनी बाहेर जाऊन काठीनं कावळा हाकलला, आत येऊन त्यांचं तोंड पुसलं.

सातव्या दिवशी गाठ फुटली. "आई गं," म्हणून वत्सलाबाईंनी क्षणभर तोंड फिरवलं. मग लिंबाच्या पाल्यात उकळलेल्या चिंध्या घेतल्या आणि सगळं साफ केलं. ताप उतरला.

पंधरा दिवसांनी भगवानराव उन्हात येऊन बसले. वत्सलाबाई कण्यांची पेज घेऊन आल्या, तर म्हणाले, "हात दे."

त्यांनी बराच वेळ नाडी धरली. मग ओशाळून म्हणाले, "वातच हाय."

"मंग? तुमी तवाबी बरोबरच सांगितलं होतं. बघा की, आजबी कापतोय."

"मंग थांबलीस कावून?"

"भित्री म्हनला होतात. पळून जाईल, असं कुठं म्हनला होतात? ते समद्यांनी आपलं आपनच धरलं. मीबी धरलं."

भगवानरावांनी दुसऱ्या हातानं पेज बाजूला सारली. "आन मी? मी लेकरावानी रडलो."

"मरनाच्या दारात मानूस रडतंय. त्यात काय एवढं?"

"तसं न्हाई. मला वाटायचं, मी कंदी भ्यालोच न्हाई. लेक बाळंतपनात अडली होती, तवाबी म्हनलो, भ्या तुला वाटतंय. वाटत मला बी होतं. घरातलं भ्यायचं काम तुझ्याकडं देऊन मी मोकळा झालो होतो."

वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. "लई वर्सं केलं मी ते काम," त्या म्हणाल्या.  भगवानरावांनी तो हात सोडला नाही.

उन्हाळा तापला तशी साथ ओसरली आणि माणसं गावात परतली. भगवानरावांनी नाडी बघणं सोडलं नाही. वात, पित्त, कफ ते अजूनही सांगत. त्यावर त्यांचा विश्वास होता. पण त्यावरून माणूस कसा वागेल, हे सांगणं बंद केलं.

त्या वैशाखात उमापूरचा एक बाप सोयरीक जुळवण्याआधी लेकीला घेऊन आला. पोरीचं नाव अंजना. भगवानरावांनी नाडी पाहिली. "वात," ते म्हणाले, आणि बापाचा चेहरा पडला.

"म्हंजे भित्री? लोक नगं म्हनतील की हिला."

"अगं, जरा भायेर ये," भगवानरावांनी आत हाक मारली.

वत्सलाबाई पदराला हात पुसत आल्या, पोरीशेजारी बसल्या. "भ्या वाटलं की काय करतीस गं?"

अंजनानं बापाकडं चोरून पाहिलं. "बडबड करते."

"आन मंग?"

"बडबड करत करत काम उरकते."

वत्सलाबाई मोठ्यानं हसल्या. ओसरीवर त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "घेऊन जा हिला," त्या बापाला म्हणाल्या, "आन कुनी इचारलं तर हेच सांगा."

बाप पुरता पटलेला दिसला नाही. पागोटं नीट करत तो उठला. पोर मात्र वेशीपर्यंत त्याच्याशी काहीतरी बोलतच गेली.