न बसणारा पोल्का

आरोहीचा मेसेज मी मोठ्याने वाचला. 'आजी, रविवारी कार्यक्रम आहे आणि माझा पोल्का अजून बसत नाहीये. तू ये ना.'

वाढत्या अंगाची पोर, बसणार कसा? शहरात पोलक्याला पोल्का म्हणत असतील. पौडच्या बाजारातून मी हिरवा खण आणला, बाह्या सैल ठेवल्या, काखेत कापड जादा सोडलं आणि शनिवारी सकाळच्या एसटीने बावधनला लेकाच्या घरी गेले.

नवं पोलकं बघून आरोही जमिनीवर लोळून हसली. पोल्का म्हणजे नाच निघाला. लांब चेक देशातल्या खेड्यांतला, लग्नाकार्यात नाचायचा. पुढे तिकडच्या मोठ्या संगीतकारांनी तो आपल्या रचनांत घेतला. तसलाच एक तुकडा हिला व्हायोलिनवर एकटीने वाजवायचा होता, आणि तोच बसत नव्हता.

हसता हसता तिचे डोळे भरले. तिच्या शिक्षिका सुनीतीबाई म्हणाल्या होत्या, सूर बरोबर आहेत पण त्यात नाच नाही. संध्याकाळी फोनवर ऐकवायचं. नाही जमलं तर तो तुकडा दुसऱ्या मुलीला.

तिने वाजवून दाखवलं. मला आवडलं, म्हणून तसं सांगितलं. तर रागावली.

"तुला माझं सगळंच आवडतं."

"व्हय, आवडतंय. पन तू ह्यो नाच नाचलीस का कधी?"

नाचायचं कशाला, वाजवायचंय, असं तिचं म्हणणं. तरी मोबाईलवर तिने तो नाच लावला. धट्ट्याकट्ट्या बाया गड्यांचे हात धरून गरागरा फिरत होत्या.

"बघ, पोलकी घातलीत की त्यांनी," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी हात धरले. मला फुगडीची सवय. मी मागे झुकले, ती पुढे आली आणि डोक्यावर डोकं आपटलं. ती मला शिकवू लागली. आधी छोटी उडी, मग पावलं. माझी उडी दर वेळी उशिरा. ती ओरडायची, "आजी, उडी आधी गं!" ओरडता ओरडता मध्येच थांबली आणि व्हायोलिन उचललं. आता प्रत्येक फेरीआधी तिचा गज तारेवरून जरासा उडत होता.

संध्याकाळी सुनीतीबाईंनी फोनवर सगळं ऐकलं आणि उद्या वेळेवर ये, एवढंच म्हणाल्या.

रविवारी ती मंचावर एकटी उभी राहिली. मध्येच एका ठिकाणी चुकली. पण तिची टाच ठेका देत राहिली आणि त्या ठेक्याला धरून ती पुढे गेली.

खाली येताच तिने विचारलं, "चुकले ते कळलं?"

"कळलं की. नाचताना बी पाय चुकतो. त्यानं कुनी घरी जातंय व्हय?"

ती हसली आणि पाणी प्यायला पळाली.