पहिला हंडा

"पाष्टे, उद्या येणार ना?"

महिपत पाष्टे टँकरच्या नळीचं तोंड सुचेताबाईंच्या निळ्या ड्रममध्ये धरून उभा होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"सगळी भांडी भरून घ्या," तो म्हणाला.

"अहो, मी विचारतेय काय, तुम्ही सांगताय काय. उद्या येणार की नाही?"

"अजून काय असेल ते आणा. कुकर आणा, पातेली आणा."

"बघितलंत?" सुचेताबाई रांगेतल्या मागच्या बाईंना म्हणाल्या. "चार वर्षं झाली. या माणसाच्या तोंडून 'उद्या' निघेल तर शपथ. दुसरे ड्रायव्हर निदान खोटं तरी बोलतात."

सिल्व्हर पार्कमधल्या त्या सोसायटीची खालची टाकी गळत होती, म्हणून महिनाभर टँकरचं पाणी थेट भांड्यांत घ्यावं लागत होतं. महिपतला त्याचं काही वाटत नसे. उलट त्यामुळे त्याला माणसं ओळखू यायची. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, भांडी राहत. निळा ड्रम म्हणजे सुचेताबाई केळुसकर. गिरगावातल्या दीड खोलीतून मीरा रोडच्या टू बीएचकेत आल्या तेव्हा घराच्या मापानं ड्रमही मोठा घेतला. घर पंधरा दिवसांत भरलं, ड्रम अजून एकदाही काठोकाठ भरलेला नाही. घासून लख्ख केलेल्या तीन स्टीलच्या कळश्या म्हणजे बी विंगमधले शहा. बिसलेरीच्या पाच रिकाम्या बाटल्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एकटा राहणारा, ज्याच्याकडे आठवड्यातून एकदा सहावी बाटली दिसे. त्यावरून महिपतनं जो काही अंदाज बांधला होता, तो त्यानं कुणाला सांगितला नव्हता.

सांगितलं नव्हतं असं त्याच्याकडे पुष्कळ होतं.

काशीनाथ त्याच दिवशी टँकरपाशी येऊन उभा राहिला. दोघे फौजेत एका कंपनीत होते. काशीनाथ आता भाईंदरला एटीएमच्या बाहेर स्टुलावर बसतो आणि आतल्या एसीची हवा दार उघडेल तेवढी खातो.

"सुभेदारसाहेबांनी ठरवलंय," तो म्हणाला. "श्रीलंकेला जायचं. जाफन्याला. तिकडे आता युद्धबंदी आहे, रस्ता उघडलाय. ते, मी आणि तू."

"मी कशाला?"

"गाडी पंक्चर झाली तर?"

महिपतनं नळी दुसऱ्या भांड्यात टाकली. पातेलं भरून वाहायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. सुचेताबाई ओरडल्या तेव्हा त्यानं नळी उचलली.

"कधी?" त्यानं विचारलं.

भाईंदरजवळच्या राई गावातल्या खोलीवर त्यानं ही गोष्ट काढली, तेव्हा त्याची बायको सुलू बोंबील साफ करत होती.

"जावा," ती म्हणाली. "एकदा काय ती भेटून या तुमच्या पहिल्या हंड्याला."

"काय?"

"काय काय? तेरा वर्षं ऐकतेय. झोपेत पयला हंडा, पयला हंडा. आधी वाटलं लॉटरीचा आकडा पुटपुटतायत. मग वाटलं बाईच असणार. बाईला नाव तरी आहे का नाय?"

"नाव माहीत नाही."

सुलूनं सुरी खाली ठेवली. "मग दिसायला कशी होती?"

महिपतनं खूप विचार केला. "हंडा जर्मनचा होता," तो म्हणाला. "गळ्यापाशी पोचा."

सुलू हसायला लागली. ती एवढी हसली की महिपतलाही हसावं लागलं, आणि मग तिनं त्याच्या बॅगेत दोन स्वेटर भरले. तिकडे उकडतं, असं त्यानं दोनदा सांगितलं. तिच्या मते परदेश म्हणजे थंडी.

हंड्याची गोष्ट एवढीच होती. भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हा महिपत फौजेत पाण्याची गाडी चालवायचा. जाफन्याजवळ समुद्राकाठी एक गल्ली होती, गणपतीच्या देवळामागची. तिकडे गणपतीला पिळ्ळैयार म्हणतात. गल्लीतल्या घरांच्या विहिरींना मचूळ पाणी. गोड पाण्याची विहीर देवळाच्या आवारात, पण कर्फ्यूमुळे तिथवर जायची सोय नव्हती. म्हणून महिपतची गाडी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबायची. लोक त्याच्याशी बोलायचे नाहीत. वर्दीतल्या माणसाशी तिथं कुणीच बोलत नसे आणि त्याला त्यांची कारणं होती. पण भांडी रांगेत ठेवलेली असायची, आणि रांगेत पहिला हंडा रोज तोच, पोचा आलेला ॲल्युमिनियमचा. त्यामागे उभी असलेली बाई पाणी भरून झालं की एकच शब्द विचारायची, "नाळैक्कु?" म्हणजे उद्या? महिपत म्हणायचा, "नाळैक्कु." दीड वर्षात त्या दोघांचं एवढंच संभाषण झालं. महिपतला ते पुरेसं वाटायचं. त्याच्या वाट्याला तिकडे आलेले दुसरे शब्द याहून बरेच वाईट होते.

नव्वद साल उजाडलं आणि परतायचा हुकूम आला. कॅम्प हलणार हे बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही, अशी ताकीद होती. तरी गल्लीला वास लागलाच. शेवटच्या सकाळी लोकांनी घरातलं झाडून सगळं आणलं, बादल्या, डबे, भाताची पातेली. पहिला हंडा मात्र एकटाच होता. बाईनं मागच्या रांगेकडे पाहिलं, महिपतकडे पाहिलं आणि विचारलं, "नाळैक्कु?" घरात तिचा नवरा अंथरुणावर होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

महिपत म्हणाला, "नाळैक्कु."

ती एकच हंडा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तो हंडा रांगेत किती वाजेपर्यंत उभा राहिला असेल, याचा हिशेब महिपत तेरा वर्षं करत होता. जहाजात केला. पेन्शनीत निघाल्यावर केला, मीरा रोडला टँकर धरल्यावर तर रोजच. आठ वाजेपर्यंत थांबली असेल. दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली असेल. आणि हेही इथं नोंदवायला हवं की हा हिशेब करताना त्याला नुसतंच वाईट वाटत नसे. जगात एका गल्लीत आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, असंही वाटे. सिल्व्हर पार्कात टँकरची वाट बघतात, ड्रायव्हरची नाही.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये तिघं गेले. सुभेदार हरिश्चंद्र यांनी, ते आता एका स्टीलच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होते, प्रवासाचा सगळा तक्ता टाइप करून आणला होता. पाहायच्या अकरा जागा होत्या. दहा त्यांच्या होत्या. अकरावी, 'पाष्टे, गल्ली, पंधरा मिनिटं'.

कोलंबोहून व्हॅन केली. तिचा ड्रायव्हर ईश्वर तिकडचाच तमिळ, पण नऊ वर्षं दुबईत काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा. तिघांना केवढा आनंद झाला.

जाफन्यात आनंद ओसरला. जिथं कॅम्प होता ती शाळा जागेवर होती, छप्पर नव्हतं. ताडाच्या झाडांना शेंडे नव्हते. हरिश्चंद्रांनी एका दुकानदाराला इंग्रजीत सांगितलं, आम्ही इथं होतो, फौजेत. दुकानदारानं त्यांना सुटे पैसे दिले आणि आतल्या खोलीत निघून गेला. पुढच्या चार जागी हरिश्चंद्र नुसतेच फोटो काढत राहिले. काशीनाथ म्हणाला, "साहेब, आपण टुरिस्ट आहोत असं सांगूया का?"

"आपण कोण आहोत ते मला माहीत आहे," हरिश्चंद्र म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

गल्लीशी पोचले तेव्हा दुपार कलत होती. देऊळ होतं, नवा रंग दिलेला. निम्मी घरं नुसत्या भिंती होती. उरलेल्या घरांच्या दारांत दोन-तीन बायका आल्या.

"पाष्टे साब, पूछता है, औरत का नाम क्या," ईश्वर म्हणाला.

"नाम पता नहीं."

"मुँह कैसा?"

महिपतनं आपल्या गळ्यापाशी अंगठा दाबून दाखवला. "हंडा था. जर्मन का. इधर पोचा."

ईश्वरनं हे तमिळमध्ये कसं सांगितलं कोण जाणे, बायका हसल्या. मग त्यातल्या एकीनं मागे वळून हाक मारली. तिसऱ्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यापाशी तसाच अंगठा दाबला.

ती भरभर बोलू लागली. ईश्वर सांगत होता. "बोलती है, वो मटका इसका था. शादी में मिला था. कुएँ के पत्थर पे गिरा, तब दबा. पंचानवे में सब लोग भागा ना, तब रास्ते में छोड़ दिया. बारिश थी, कीचड़ था, हाथ में आदमी को पकड़ना था. बहुत अच्छा मटका था, बोलती है. वैसा फिर नहीं मिला."

"तिचा नवरा?" महिपतनं घाईनं विचारलं. "आदमी? पंचानवे तक था?"

"था, था. बाद में गया. बुखार में."

महिपतनं टोपी काढली. मग तेरा वर्षं जे बोलायचं होतं ते बोलला. पाण्याची गाडी माझी होती. मी उद्या येतो म्हणालो. येणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही एकच हंडा आणला होता.

म्हातारी ईश्वरकडे पाहून ऐकत राहिली. मग तिनं बोटांवर मोजलं.

"बोलती है, कौनसी गाड़ी?" ईश्वर थोडा संकोचला. "पहले इंडिया का गाड़ी आता था. फिर टायगर लोग का. फिर रेड क्रॉस का, सफेद. फिर सरकार का. सब बोलता था कल आएगा. साब, आपका वाला इसको याद नहीं."

"सगळं आठवतं, हंडा आठवतो," काशीनाथ हळूच म्हणाला, "आणि तू नाही. चल, सुटलास बाबा."

महिपत हातातल्या टोपीकडे बघत राहिला. सुटलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे काशीनाथच्याही लक्षात आलं आणि तो व्हॅनकडे गेला.

म्हातारी आता पायरीवरून उठली. तिच्यापाशी नारिंगी प्लॅस्टिकचा हंडा होता. पाण्याची वेळ झाली होती, पाहुणे असोत की नसोत. देवळाची विहीर दोनशे पावलांवर, आणि तिचं चालणं असं की एक हंडा म्हणजे अर्धा तास. महिपतनं तो तिच्या हातून घेतला. ती सोडेना, मग सोडला. त्यानं रहाटावर पाणी ओढलं, हंडा खांद्यावर आणला आणि पायरीवर ठेवला. थेंब सांडला नव्हता.

म्हातारीनं हंड्यात डोकावून पाहिलं. बरं भरलंय, अशी मान हलवली. मग सहज, आपल्या सवयीनं विचारलं, "नाळैक्कु?"

महिपतच्या ओठांवर उत्तर तयार होतं. त्याला त्या भाषेत तेच येत होतं.

"ईश्वर," तो म्हणाला, "नहीं को क्या बोलते हैं?"

"इल्लै."

"इल्लै, अम्मा," महिपत म्हणाला. "नाळैक्कु इल्लै."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि ती घरात गेली.

व्हॅनचा हॉर्न वाजला. "पाष्टे, पंधरा मिनिटं कधीच झाली," हरिश्चंद्रांनी खिडकीतून सांगितलं.

आत भांड्यांचा आवाज होत होता. म्हातारी दुसरा हंडा घेऊन बाहेर आली. तो पायरीवर ठेवून पुन्हा आत गेली. बादली आणली. भाताचं पातेलं आणलं. दुधाच्या भुकटीचा पत्र्याचा डबा आणला. सगळं तिनं पायरीवर ओळीनं लावलं.

"साहेब, थोडा वेळ लागेल," महिपत म्हणाला, आणि त्यानं बाह्या वर केल्या.

दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन तो विहिरीकडे वळला, तेव्हा म्हातारी पुन्हा बाहेर आली. ओळीच्या अगदी शेवटी तिनं पाणी प्यायचा पेला ठेवला.