टेकडीवरची राई

"आता टेकडीवरची ओकची राईच तेवढी उरलीय, सरकार," टोपी हातात चुरगाळत वालेंती म्हणाला. तो लोखंडाच्या भट्टीचा मुकादम.

जहागीरदार ओनुफ्री झावित्स्की खिडकीपाशी गेले. बाहेर भट्टीचा धूर होता आणि त्यापलीकडे उघडे डोंगर. ती सगळी झाडे त्यांनीच भट्टीत घातली होती. तरुणपणी त्यांनी कामिएन्ना नदीच्या काठी ही भट्टी उभारली, तेव्हा आसपासचे जहागीरदार 'लोहारबुवा' म्हणून त्यांना हसायचे. पुढे तेच त्यांच्याकडून नांगरांचे फाळ नेऊ लागले. आता पश्चिमेकडे दगडी कोळशावर ढिगांनी लोखंड निघत होते, आणि इथे लाकडाचा कोळसा संपत आला होता.

"तिथे आई आहे, बाबा," लुद्विका म्हणाली. विधवा होऊन माहेरी परतलेली ही मुलगीच आता घर बघत होती. "मरताना तिनं तेवढी झाडं मागितली होती. तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता."

"मग नाही म्हणा ना. भट्टी आज ना उद्या विझणारच आहे."

ओनुफ्रींनी वालेंतीकडे पाहिले. "राई तोडली तर कुठवर पुरेल?"

"ओढूनताणून मार्चपर्यंत."

"आणि नाही तोडली तर?"

"ऐन थंडीत विझेल. पोरंबाळं घेऊन बर्फातून जायचं कुठं माणसांनी?"

"मार्चमध्ये वाटा मोकळ्या होतात," ओनुफ्री हळूच म्हणाले. "तोडा."

लुद्विका उठून आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती कामापुरतेच बोलली. राई तोडली जात होती तेव्हा ओनुफ्री काठी टेकत वर गेले आणि शेवटचे झाड पडेपर्यंत बायकोच्या कबरीपाशी उभे राहिले. त्या गारठ्यात जो खोकला जडला, तो गेलाच नाही.

मार्चमध्ये भट्टी विझली. भांडीकुंडी, पिसांच्या गाद्या गाड्यांवर लादून माणसे पश्चिमेच्या खाणींकडे निघाली. सगळ्यांत शेवटी वालेंती निरोप घ्यायला आला. रिवाजाप्रमाणे हाताचे चुंबन घ्यायला वाकला, तर ओनुफ्रींनी त्याला खांद्याला धरून उभे केले.

"राहू दे. पाठ दुखते तुझी."

"तुमचीही दुखते, सरकार."

संध्याकाळी लुद्विकाने बिटाचे गरम सार पुढे ठेवले. ओनुफ्री मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते.

"बाहेर कोण बोलतंय गं?"

तिने खिडकी उघडली. पाण्यावर चालणारे, रात्रंदिवस धडधडणारे भट्टीचे भाते थांबले होते. अंगणात कुणी नव्हते.

"कुणी नाही, बाबा. नदी आहे."

"असं होय," ते म्हणाले, आणि सार निवून जाईपर्यंत ऐकत राहिले. लुद्विकाने खिडकी लावली नाही.